जर्मनीत व्हीलचेअर-पलंगांचं दुकान चालवायला घ्यावं का? या धंद्याचा वारा कोणीकडे वाहतोय?

शमीपान:

नमस्कार. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आलेय. आज पहिल्यांदा धागा काढतेय, कारण ज्यांना विचारावं अशी माणसं माझ्या आजूबाजूला नाहीत.

मी वुपरटालजवळच्या एका पुनर्वसन रुग्णालयात अकरा वर्षं एर्गोथेरपिस्ट आहे. पक्षाघात, मणक्याची दुखापत, पाय कापलेले, अशा रुग्णांना घरी पाठवण्याआधी त्यांच्या घरात काय काय लागेल हे ठरवणं हे माझं काम. त्यामुळे सानिटेट्सहाउसवाल्यांशी रोजचा संबंध. (बाहेरच्यांसाठी: व्हीलचेअर, रोलेटर म्हणजे चाकांचा वॉकर, पलंग, कमोड खुर्ची, पट्टे, मोजे हे सगळं मोजमाप घेऊन, विम्याकडून मंजुरी मिळवून घरपोच बसवून देणारं दुकान.) त्यातल्या एका छोट्या दुकानाचे मालक आता त्रेसष्ट वर्षांचे झालेत. पाच माणसं, मागे वर्कशॉप, गावाबाहेर एक गोदाम. मुलांना त्यात रस नाही. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, "आधी भागीदार म्हणून या आणि तीन वर्षांनी सगळंच घ्या." रुग्ण मला ओळखतात, कागदपत्रं मला येतात, असं त्यांचं म्हणणं.

मागणी आहे यात मला शंका नाही. २०२३ च्या अखेरीस जर्मनीत सुमारे ५७ लाख लोकांना काळजीची गरज असल्याची नोंद होती आणि त्यातले ८६ टक्के घरीच राहत होते. आमच्याकडूनही रुग्ण आता लवकर घरी जातात, कधी कधी पलंग पोचायच्या आधी माणूस पोचतो.

मग प्रश्न असा की गिऱ्हाईक इतकं वाढतंय तर दुकानं विकायला का निघालीत? आमच्या भागातली अजून दोन गेल्या चार वर्षांत साखळीवाल्यांनी घेतली. ड्युसेलडॉर्फच्या रेहाकेअर प्रदर्शनात हिंडले तर एका बाजूला चीनच्या घडीच्या इलेक्ट्रिक खुर्च्यांची रांग, दुसऱ्या बाजूला मोठ्या कंपन्यांचे ॲपवर चालणारे सेन्सर. परत येताना डोकं भणभणलं होतं. घरातली सगळी शिल्लक यात जाईल. या धंद्यातलं कुणी आहे का इथे?

---

पाणवठा:

मी धंद्यातली नाही, वापरणाऱ्याच्या घरातली आहे. नवऱ्याला नऊ वर्षांपासून एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मज्जासंस्थेचा आजार) आहे, खुर्ची इलेक्ट्रिक आहे, आम्ही न्युर्नबर्गला. एकच सांगते. मागच्या हिवाळ्यात पुढच्या एका चाकाचा काटा तुटला. भाग यायला सात आठवडे लागले. सात आठवडे हा माणूस पलंग ते खिडकी एवढ्यातच. बदली खुर्ची मिळाली ती इतकी रुंद की बाथरूमच्या दारातून जाईना. खुर्ची कुठल्या कंपनीची, तिला ॲप आहे की नाही, यानं आम्हाला काडीचाही फरक पडत नाही. फोन केल्यावर कोण येतं आणि किती दिवसांत येतं, यानं पडतो. दुकान घेतलंत तर एवढं लक्षात ठेवा, ताई.

---

तेरानंबर_पाना:

शमीपान, मी रॉयटलिंगेनला रिहॅब-टेक्निशियन आहे, सतरा वर्षं झाली. त्यातली सहा वर्षं वर्कशॉपचा प्रमुख. सविस्तर लिहितो, कारण तुम्ही ज्या उंबरठ्यावर उभ्या आहात तिथे मी २०१९ मध्ये उभा होतो आणि शेवटी मागे फिरलो. का फिरलो ते सांगतो, म्हणजे तुम्हाला तुमचं ठरवता येईल.

सगळ्यात आधी, तुमच्या दुकानाचं गिऱ्हाईक रुग्ण नाही. पैसे देते ती क्रांकेनकासे, म्हणजे रुग्णाची आरोग्य विमा संस्था. सहा हजारांची खुर्ची असली तरी कायद्यानं रुग्णाच्या खिशातून जातात ते दहा टक्के, कमीत कमी पाच आणि जास्तीत जास्त दहा युरो. म्हणून "लोकसंख्या म्हातारी होतेय, म्हणजे धंदा वाढणार" हे गणित सरळ लागू होत नाही. डोकी वाढतात, पण दर डोक्यामागे मिळणारी रक्कम कराराच्या टेबलावर ठरते, आणि त्या टेबलावर पाच माणसांचं दुकान नसतं. पूर्वी कासे थेट निविदा काढत आणि सगळ्यात स्वस्त तो घेऊन जाई. मे २०१९ च्या कायद्यानं ते बंद झालं, ही चांगलीच गोष्ट झाली. आता वाटाघाटीचे करार असतात आणि कुणी केलेल्या करारात तुम्हाला त्याच अटींवर सामील होता येतं. पण अटी त्याच, दरही तेच. म्हणून बहुतेक छोटी दुकानं रेहाविटाल किंवा सानिटेट्सहाउस आक्टुएलसारख्या एखाद्या संघात असतात. तुमचे मालक कुठल्या संघात आहेत आणि मालकी बदलल्यावर ते सभासदत्व टिकतं का, हे विचारा.

आता मुख्य मुद्दा. फालपाउशाले. शब्द तुम्हाला माहीत असेल, पण दुकानाच्या बाजूनं तो कसा दिसतो ते बघा. साध्या खुर्च्या, पलंग, हॉइस्ट (रुग्णाला उचलून हलवणारं यंत्र) यांच्यासाठी कासे बऱ्याचदा एकरकमी पैसे देते आणि त्या बदल्यात काही वर्षं ती वस्तू चालू ठेवायची जबाबदारी तुमची. पोचवणं, बसवणं, शिकवणं, दुरुस्ती, टायर, बॅटरी, शेवटी परत आणणं, सगळं त्यात. पैसे पहिल्याच महिन्यात येतात आणि खर्च पुढची वर्षं होत राहतो. म्हणजे मागच्या दोन वर्षांत ज्या दुकानानं जोरात वाटप केलंय, त्याचा ताळेबंद देखणा दिसतो. पण त्याच्या पोटात शेकडो न फेडलेली वचनं असतात. दुकान घेताना तुम्ही ती वचनं विकत घेता. मला २०१९ मध्ये जे दुकान देऊ केलं होतं, तिथे मी चालू पाउशालेंची यादी मागितली. तीन आठवड्यांनी मिळाली, तीसुद्धा अर्धीच. चारशेच्या वर वस्तू बाहेर होत्या आणि त्यातल्या पलंगांच्या मोटरी एकाच वर्षाच्या, एकाच खेपेतल्या. त्या सगळ्या साधारण एकाच सुमारास जाणार हे मला वर्कशॉपमधला माणूस म्हणून दिसत होतं. हिशेबनिसाला दिसलं नव्हतं. मी नाही म्हटलं.

पण याचीच दुसरी बाजू अशी की परत आलेली वस्तू हीच या धंद्यातली खरी कमाई. चांगलं गोदाम, धुण्याची आणि निर्जंतुक करण्याची सोय, प्रत्येक खुर्चीचा क्रमांक आणि तिच्या दुरुस्तीची नोंद असेल तर तीच खुर्ची दुसऱ्या, तिसऱ्या माणसाकडे जाते. नवी विकत घ्यावी लागत नाही. ज्या दुकानाचं गोदाम नीट, त्याचं पाउशाले फायद्यात. गोदामात कोपऱ्यात धूळ खात पडलेला ढीग असेल तर समजा की प्रत्येक वेळी नवी घेतली जातेय. म्हणून शोरूम बघू नका. गोदामात जा, एक दिवस नुसतं बसा, परत आलेल्या पलंगाचं काय होतं ते बघा.

तिसरं, कागद. युरोपचा वैद्यकीय उपकरणांचा नवा नियम २६ मे २०२१ पासून लागू झाला. व्हीलचेअर आणि रोलेटर सगळ्यात खालच्या वर्गात येतात, त्यामुळे अनेकांना वाटलं आपल्याला काही त्रास नाही. त्रास आहे, आणि तो नेमका वर्कशॉपमध्ये आहे. पूर्वी आम्ही एका कंपनीच्या खुर्चीवर दुसऱ्याची पाठ, तिसऱ्याची जॉयस्टिक बिनधास्त बसवायचो. आता उत्पादकानं परवानगी दिलेल्या जोडणीच्या बाहेर गेलात तर तुम्ही स्वतःच उत्पादक ठरता. मग जोखमीचं मूल्यमापन, कागदपत्रं, जबाबदारी तुमच्यावर. एखाद्या मुलासाठी खास बनवलेली बैठक करायची तर त्याची वेगळी वाट आहे, ती आम्ही करतो, पण प्रत्येक नगामागे अर्धा दिवस लिहिण्यात जातो. त्या अर्ध्या दिवसाचे पैसे करारात फारसे धरलेले नसतात. विकायला निघालेल्या दुकानांबद्दल तुम्ही विचारलंत ना? वयस्कर मालक थकतात ते इथे. गिऱ्हाईक कमी झालं म्हणून नाही.

आणि माणसं. प्रिकालिफिकेशनशिवाय, म्हणजे दुकान पात्र असल्याच्या आगाऊ प्रमाणपत्राशिवाय, कासेशी व्यवहार होत नाही. ते प्रत्येक उत्पादन-गटासाठी वेगळं लागतं आणि त्यात पात्र अशी एक जबाबदार व्यक्ती दाखवावी लागते. मालक स्वतःच ती व्यक्ती असतील तर ते निवृत्त झाले त्या दिवशी काय? हा प्रश्न करार करायच्या आधी.

चिनी खुर्च्यांचं म्हणाल तर मला त्यांची भीती वाटत नाही. घडीची, लिथियम बॅटरीची, दोन हजार युरोंच्या आसपासची खुर्ची लोक ऑनलाइन घेतात, सुट्टीला जाताना गाडीत टाकतात. ज्याला थोडंफार चालता येतं त्याला ती पुरते. तुमचे रुग्ण ते नाहीत. ज्याला पाठीचा कणा सांभाळणारी बैठक हवी, ज्याच्या ढुंगणाखाली जखम होऊ शकते, हनुवटीनं गाडी चालवावी लागते, त्याला पेटी घरपोच येऊन काही उपयोग नाही. पण ऑनलाइनवाली खुर्ची बिघडली की माणूस तुमच्याच दारात येतो, आणि भाग कुठेच मिळत नाहीत. आम्ही अशा खुर्च्यांना हात लावत नाही. हे सांगताना दर वेळी वाईट वाटतं, कारण समोरच्यानं स्वतःचे पैसे घातलेले असतात.

मोठ्या कंपन्यांचं बघायचं तर एवढंच बघा की मालक कोण आहे आणि तो किती काळ राहणार. इन्व्हाकेअरची अमेरिकन मूळ कंपनी जानेवारी २०२३ मध्ये दिवाळखोरी-संरक्षणात गेली, तेव्हा आम्ही सगळे एकमेकांना फोन करत होतो, कारण धक्का देणाऱ्याला बळ देणारी चाकं बनवणारी आमच्याच श्वेबिश आल्बमधली आल्बर त्याच कुटुंबातली. कंपनी त्यातून त्याच वर्षी बाहेर आली. जिन्याच्या लिफ्टवाली हँडिकेअर २०२१ मध्ये कॅनडाच्या सावारियानं घेतली. उलट पेरमोबिल बघा. स्वीडनच्या पेर उद्देन नावाच्या डॉक्टरनं १९६० च्या दशकात सुरू केलेली, आज गुंतवणूकदारांच्या हातात असली तरी तो मालक २०१३ पासून तोच आहे. दहा वर्षांनी जॉयस्टिकचा भाग मिळेल का, हे खुर्ची लिहून देताना मी आता पहिल्यांदा विचारतो. आधी विचारत नव्हतो.

---

डाइकवरून:

पाना यांनी लिहिलंय ते खरं आहे, पण सीमा ओलांडली की सगळं बदलतं हे सांगायला आलो. मी नेदरलंड्समध्ये, स्वोलेजवळ, एका पुरवठादाराच्या नियोजन विभागात आहे.

इथे घरी राहणाऱ्याची व्हीलचेअर आणि स्कूटर २०१५ च्या समाजसहाय्य कायद्याखाली नगरपालिका देते, विमा नाही. नगरपालिका दोन-तीन मोठ्या पुरवठादारांशी करार करते, वस्तू पुरवठादाराच्या ताफ्यातल्या असतात, दरमहा भाड्यावर. करार संपून दुसऱ्याला मिळाला की कधी कधी अख्खा ताफाच नव्या पुरवठादाराकडे वळवावा लागतो, आणि तेव्हा घराघरांतले पत्ते, चाव्या, दुरुस्तीच्या नोंदी यांचा जो गोंधळ होतो तो मी दोनदा जवळून पाहिलाय. पाच माणसांच्या दुकानाला या खेळात जागाच उरलेली नाही. व्हीलचेअरला वापरणाऱ्याचा वाटा लागत नाही, पण या कायद्याखालच्या बाकी मदतीसाठी तो २०२० मध्ये सरसकट महिन्याला १९ युरो केला गेला, उत्पन्न कितीही असो. अर्ज धडाधड वाढले आणि नगरपालिका तेव्हापासून तक्रार करतायत.

साध्या वस्तूंचं मात्र उलट. रोलेटर, कुबड्या २०१३ मध्ये मूळ विम्यातून काढून टाकल्या. आयना विफाल्क या पोलिओ झालेल्या स्वीडिश बाईंनी १९७८ मध्ये स्वतःच्या गरजेतून रोलेटर तयार केला. आज इथे तो लोक सायकलसारखा दुकानातून घेतात, रंग बघून, वजन बघून. कार्बनचे हलके रोलेटर घेणाऱ्या आजीबाईंना "रुग्ण" म्हटलेलं चालत नाही. ती वेगळीच बाजारपेठ आहे, आणि तिथे नफा आहे.

---

रोनकाठ:

फ्रान्समधून छोटीशी भर. इथे १ डिसेंबर २०२५ पासून व्हीलचेअरचा पूर्ण खर्च सरकारी आरोग्य विमा उचलतो. त्याआधी इलेक्ट्रिक खुर्चीसाठी माणसं पाच ठिकाणांहून पैसे गोळा करायची, ऑनलाइन वर्गणीसुद्धा. त्याबरोबरच सरकारनं विक्री-किमतीवर कमाल मर्यादाही घातल्या. माझी मैत्रीण ल्यों भागात पुरवठादाराकडे आहे, तिच्या मते अवघड, महागड्या बैठकांसाठी आता दुकानं हात आखडता घेतील की काय ही धाकधूक आहे. वापरणाऱ्यांच्या घरात मात्र मी डोळ्यांत पाणी आलेलं बघितलंय, आनंदाचं.

---

शमीपान:

सगळ्यांचे मनापासून आभार. पाणवठाताई, तुमचे सात आठवडे वाचून रात्री झोप आली नाही. मी रोज खुर्च्या लिहून देते आणि नंतर त्यांचं काय होतं हे मला खरंच कळत नाही.

पाना, काल मालकांकडे यादी मागितली. ते रागावले नाहीत, उलट म्हणाले "शेवटी कुणीतरी विचारलं." २१० पाउशाले चालू आहेत, संगणकात आहेत, तारखेनिशी. गोदाम बघितलं, स्वच्छ आहे. पण जबाबदार व्यक्ती ते स्वतःच आहेत, तुम्ही म्हणालात तसंच. आणि एक वेगळी गोष्ट कळली. त्यांच्या उलाढालीतला बराच भाग हातमोजे, चादरींच्या मासिक पेटीचा आहे, काळजी-विम्यातून महिन्याला मिळणाऱ्या ४२ युरोंचा. तो भाग वाढवावा असं ते म्हणतात. तुम्हाला काय वाटतं?

---

लीड्सकर:

मी इंग्लंडमध्ये, कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) बाजूनं उपकरणांचे करार सांभाळते. इथला एक अनुभव सांगावासा वाटतो. कौन्सिल आणि एनएचएस (सरकारी आरोग्यसेवा) मिळून घरी लागणारे पलंग, गाद्या, कमोड, हॉइस्ट देतात आणि ती साठवण्याचं, पोचवण्याचं, परत आणण्याचं काम बाहेरच्या कंपन्यांना दिलेलं असतं. त्यातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक, एनआरएस हेल्थकेअर, ऑगस्ट २०२५ मध्ये बुडाली. आधी २०२४ मध्ये तिच्यावर सायबर हल्लाही झाला होता. अनेक कौन्सिलांना काही दिवसांत दुसरी सोय करावी लागली. ज्या रात्री बातमी आली त्या रात्री आम्ही बसून यादी करत होतो की उद्या कुणाला हवेची गादी लागणार आहे आणि कुणाचा हॉइस्ट तपासणीला आलाय.

माझ्या मते "मोठा म्हणजे सुरक्षित" हा समज तेव्हा तुटला. आता करार लिहिताना आम्ही सुट्या भागांचा साठा, नोंदींची प्रत आणि पर्यायी गोदाम याबद्दल विचारतो, फक्त दर नाही. छोट्या, पण नोंदी चोख ठेवणाऱ्या पुरवठादाराला इथे बरे दिवस येतील असं मला मनापासून वाटतं.

अजून एक. घरात गळ्यातलं आपत्कालीन बटण वगैरे देणार असाल तर फोनच्या तारेवर चालणारं काहीही घेऊ नका. आमच्याकडे जुन्या फोनलाइनी जानेवारी २०२७ पर्यंत बंद होतायत आणि हजारो घरांतली बटणं बदलायचं काम अजून चालू आहे.

---

तेरानंबर_पाना:

२१०, तारखेनिशी, संगणकात. शमीपान, हे वाचून मला तुमच्या मालकांबद्दल आदर वाटला. असं दुकान रोज विकायला येत नाही.

मासिक पेटी वाढवू नका. ती पोस्टानं जाते, तिला तुमची गरज नाही. ऑनलाइनवाल्या कंपन्या एका अर्जावर अख्ख्या देशात पाठवतात आणि त्यांची पॅकिंगची रांग तुमच्या पाच माणसांपेक्षा स्वस्त पडणार. आहेत ती गिऱ्हाइकं राहू द्या, पण त्यावर हिशेब बांधू नका. तुमची अकरा वर्षं आहेत ती बैठकीत. एखाद्या माणसाचा श्रोणीचा भाग डावीकडे का कलतोय आणि त्यासाठी उशी बदलायची की पाठ, हे तुम्हाला खुर्चीजवळ उभं राहिल्या राहिल्या दिसतं. कासेच्या अर्जात हेच नीट लिहिलं तर मंजुरी मिळते. तीन आठवड्यांत निर्णय द्यावा असा कायदा आहे, वैद्यकीय तपासनिसाकडे गेलं तर पाच, पण कच्चा लिहिलेला अर्ज प्रश्न विचारून परत पाठवला जातो आणि ते आठवडे रुग्णाचे जातात. चांगल्या लिहिणाऱ्याला या धंद्यात अजून किंमत आहे.

जबाबदार व्यक्तीचं असं करा. भागीदारीची तीन वर्षं आहेत ना, त्या काळात वर्कशॉपमधल्या एखाद्या तरुणाला मास्टर (कारागिरीतली वरची पात्रता) करायला पाठवा, खर्च दुकानाचा, आणि हे करारात लिहून घ्या. मालकांनीही निवृत्तीनंतर वर्षभर आठवड्यातून दोन दिवस यावं असं लिहा. माझ्या ओळखीत दोघांनी हे तोंडी ठरवलं आणि दोघांचंही बिनसलं.

पाणवठाताई, तुमच्या खुर्चीचं मॉडेल आणि पुढच्या चाकाचा व्यास मला व्यनि करा. काटा आमच्याकडे असेल तर पाठवू शकणार नाही, करार वेगळा आहे, पण न्युर्नबर्गला माझ्याबरोबर शिकलेला एक जण वर्कशॉप सांभाळतो. पुढच्या वेळी बदली खुर्ची तरी दारातून जाईल अशी मिळेल.